ताई, ही मुलगी असं का वागते?

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली. जुन्या परीकथा, पुराणकथा नव्यानं सांगणाऱ्या इंग्लिश यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, फँटसी, त्यातल्या डोक्यात जाणाऱ्या नायिका आणि त्यांच्या मागेपुढे फिरणारे दोन दोन हीरो. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हेच. आणि हो, काही पुस्तकांच्या कथानकाबद्दल बोलावं लागणार आहे, ज्यांना स्पॉयलर अजिबात चालत नाहीत त्यांनी आधी पुस्तकं वाचून या, पान कुठे जात नाही.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. सुट्टीत रेने आहदिए यांचं 'द रॅथ अँड द डॉन' वाचलं कारण माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी ते डोक्यावर घेतलेलं. सुरुवात वाचून मी वेडी झाले, म्हणजे शहरझादच्या जिवलग मैत्रिणीला खलिफानं मारलंय, तो रोज एक लग्न करतो आणि पहाटे त्या मुलीला मारून टाकतो, आणि ही स्वतःहून त्याच्याशी लग्न करायला जाते कारण तिला बदला घ्यायचाय. कसली भारी! आणि मग थोड्याच रात्रीत ती त्याच्या डोळ्यांचा विचार करायला लागते, आणि तिकडे तारिक, तिचा लहानपणापासूनचा मित्र कम प्रियकर, तिला सोडवायला निघालेला. मला इतका राग आला की पुस्तक पलंगाखाली सरकवलं आणि दोन दिवसांनी परत काढून संपवलं. मैत्रीण म्हणते तू फार कडक आहेस, नायिकेनं माणसासारखं चुकू पण नये का. माझं काही चुकतंय का? - अकरावीतली वाचक, नाशिक

उत्तर : अगं, दोन दिवसांनी परत काढलंस ना, म्हणजे तो राग कंटाळ्यातून आलेला नाही, तुला त्या मुलीकडून अपेक्षा होती म्हणून आलाय. तुझं काही चुकत नाहीये. पण तुझी मैत्रीणही बरोबर बोलतेय, आणि तुमचं दोघींचं का जुळत नाहीये ते सांगते.

नायिका चुकते म्हणून आपल्याला राग येतो असं आपण म्हणतो खरं पण तसं होत नाही. दुसऱ्या शतकात आपुलियसनं लॅटिनमध्ये लिहिलेली क्यूपिड आणि सायकीची गोष्ट घे, आजच्या अर्ध्या फँटसी रोमान्सची ती पणजी आहे. सायकीला सांगितलेलं असतं की नवऱ्याचा, म्हणजे क्यूपिडचा, चेहरा बघायचा नाही, तो रात्री अंधारातच येतो. बहिणी कान भरतात आणि एक दिवस ही दिवा पेटवून बघते, दिव्यातलं गरम तेल त्याच्या खांद्यावर पडतं आणि सगळं हातचं जातं. पुढे क्यूपिडची आई व्हीनस तिच्याकडून एकेक अवघड कामं करून घेते, धान्याचा मिसळलेला ढीग निवडायचा, पाताळातून डबी आणायची, आणि त्या डबीबद्दल सांगितलेलं असतं की उघडू नकोस, तर ही परत उघडते! म्हणजे एकच चूक दोनदा. तरी तिचा राग येत नाही मला, कारण दोन्ही वेळा हात तिचा आहे. तिला जाणून घ्यायचं होतं, तिनं बघितलं, त्याची किंमत तिनं मोजली आणि गोष्ट तिच्या त्या करण्यामुळे पुढे गेली.

आता शहरझादकडे ये. अरबी रात्रींच्या जुन्या गोष्टीत ती वजिराची मुलगी आहे, खूप वाचलेली, आणि बाप नको नको म्हणत असताना ती स्वतःहून जाते. तिचा प्लॅन काय असतो आठव. धाकट्या बहिणीला, दुनियाझादला, ती सोबत बोलावून घेते आणि तिला आधीच सांगून ठेवते की रात्री मला गोष्ट सांग म्हणून माग. म्हणजे हे दोन बहिणींचं कारस्थान आहे. एक सांगणार आणि एक मागणार, आणि पहाट झाली की गोष्ट अर्धी ठेवायची. पूर्ण एक हजार एक रात्री हे चालतं. त्यात दुसरा कुठला मुलगा नाही आणि तरी रोज रात्री जीव टांगणीला लागतो कारण ती रोज काहीतरी करत असते.

तू वाचलेल्या २०१५ च्या पुस्तकात बहीण आहे, इर्सा, पण ती महालात नाहीये, ती बापाबरोबर बाहेर आहे. आणि त्या बहिणीची जी जागा होती, साथ देणाऱ्याची, ती तारिकला मिळाली. मला हा बदल सगळ्यात जास्त खुपतो. कारण साथीदार गेली आणि तिच्या जागी आला सोडवणारा, त्यामुळे शहरझादचा प्लॅन मागे पडत गेला, गोष्टी सांगणंच हळूहळू कमी झालं आणि मग उरलं काय तर ह्याच्याबद्दल काय वाटतं आणि त्याच्याबद्दल काय वाटतं. तुला जो राग आला ना तो तिच्या प्रेमात पडण्याचा नाहीये असं मला वाटतं. शत्रूच्या प्रेमात पडणं हा तर जुना आणि उत्तम विषय आहे, एनिमीज टू लव्हर्स आपण सगळेच मिटक्या मारत वाचतो. पण जी मुलगी सुरी घेऊन आत शिरली तिनं ती सुरी कधी आणि का खाली ठेवली हे आपल्याला तिच्या हातात बघायचं असतं. मैत्रिणीच्या मरणाचं काय झालं, तिच्या घरच्यांना ही आता काय तोंड दाखवणार, हे सगळं तिच्याकडून ऐकायचं असतं. ते पुरेसं आलं नाही की आपली चिडचिड होते.

मी स्वतः अशा वेळी एक गोष्ट करून बघते, तूही कर. पुस्तक मिटायचं आणि मनातल्या मनात दोन्ही मुलगे काढून टाकायचे. आता उद्या सकाळी नायिका उठली तर तिच्याकडे करण्यासारखं काय आहे? सायकीकडे धान्य निवडायचं आहे. पहिल्या शंभर पानांतल्या शहरझादकडे सूड आहे. ज्या नायिकेकडे काहीच उरत नाही तिच्यावर चिडायचा तुला पूर्ण हक्क आहे, मैत्रिणीला सांग.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, बहिणीची पुस्तकं ढापून वाचतो. माझा साधा प्रश्न आहे, दरवेळी दोनच मुलगे का असतात? एक सज्जन, लहानपणापासूनचा, उजेडातला. एक काळ्या कपड्यातला, भूतकाळ वगैरे असलेला, भिंतीला टेकून उभा राहणारा. मूळ परीकथेत तर एकच राजपुत्र असतो मग हा दुसरा येतो कुठून? ट्वायलाइटनं लावलेली सवय आहे का ही सगळी? - एक वाचक, पुणे

उत्तर : ट्वायलाइटचा वाटा मोठाच आहे. २००५ साली पहिलं पुस्तक आलं आणि मग त्यातल्या दोन हीरोंच्या नावाचे, टीम एडवर्ड, टीम जेकब असे टीशर्ट घालून पोरी सिनेमाला गेल्या, त्यामुळे प्रकाशकांना कळलं की प्रेमाचा त्रिकोण असला की वाचक नुसता वाचत नाही, बाजू घेतो, भांडतो, पुढच्या भागाची वाट बघतो. त्यानंतरची कितीतरी वर्षं तीन भागांची मालिका आणि त्यात त्रिकोण हे जवळपास ठरूनच गेलं. पहिल्या भागात निवड झाली तर उरलेल्या दोन भागांचं काय करायचं, म्हणून ती लांबवायची.

पण सवय त्याच्या फार आधीची आहे आणि ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

आर्थर राजाची गोष्ट घे. आर्थर, गिनेव्हिअर राणी आणि आर्थरचा सरदार लान्सलॉट, जगातला सगळ्यात प्रसिद्ध त्रिकोण, आणि आपल्याला वाटतं तो पहिल्यापासून तसाच आहे. तसं नाहीये. साधारण ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथनं ब्रिटनच्या राजांचा इतिहास म्हणून जे लिहिलं त्यात लान्सलॉटचा पत्ताच नाही, तिथे राणीला आणि गादीला बळकावतो तो आर्थरचा भाचा मॉर्ड्रेड. लान्सलॉट आणि राणीचं प्रेम आणलं ते त्याच शतकात पुढे क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीनं, आणि तो सुरुवातीलाच सांगतो की ही कथा आणि तिचा भाव मला शाम्पेनच्या मारी या सरदारणीनं दिला. म्हणजे बघ, वाचणाऱ्या बाईनं मागणी केली आणि लिहिणाऱ्यानं जुन्या कथेत दुसरा पुरुष घातला, बाराव्या शतकात. आणि त्यानं ते काव्य स्वतः पुरंही केलं नाही, शेवट दुसऱ्याच माणसानं लिहिला. त्यामुळे रीटेलिंगमध्ये, म्हणजे जुनी कथा नव्यानं सांगताना, त्रिकोण घालणं म्हणजे भेसळ, असं मी कधीच म्हणणार नाही.

अजून एक सांगते, हे वाचून मी कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते. ब्यूटी अँड द बीस्ट आपल्याला माहितीय ती छोटी गोष्ट, ती मादाम द बोमाँनं १७५६ मध्ये मुलींसाठी कापून छाटून लिहिलेली आहे. त्याच्या आधी १७४० मध्ये मादाम द व्हिलनव्ह या बाईंनी ती चांगली लांबलचक कादंबरी म्हणून लिहिली होती. त्यात ब्यूटी दिवसभर त्या महालात एकटी, माकडं आणि पोपट तिच्या दिमतीला, संध्याकाळी जेवताना तो बीस्ट येतो, दोन ठरलेली वाक्यं बोलतो आणि जातो, कारण शापानं त्याचं रूपच नाही तर हुशारी दाखवण्याची मुभासुद्धा काढून घेतलीय. आणि रात्री? रात्री तिच्या स्वप्नात एक देखणा तरुण येतो, गोड बोलतो, आणि ही त्याच्या प्रेमात पडते. तिला वाटतं ह्या बीस्टनं त्याला इथेच कुठेतरी कोंडून ठेवलाय! म्हणजे चक्क लव्ह ट्रँगल, फक्त त्यातले दोन्ही पुरुष एकच आहेत आणि ते तिला माहीत नाही. ती शेवटी स्वप्नातल्याला बाजूला ठेवून जनावराला हो म्हणते, कारण तो तिच्याशी चांगला वागलाय. ते हो म्हणताना तिला वाटत असतं की आपण आपलं प्रेम कायमचं सोडतोय. मी तर म्हणते एवढा चांगला त्रिकोण आजच्या पुस्तकांतही क्वचित सापडतो.

आता तुझ्या दुसऱ्या मुलाचं उत्तर. रीटेलिंग लिहिणाऱ्याची एक खरी अडचण असते. वाचकाला शेवट माहीत आहे. सिंड्रेला म्हटलं की राजपुत्र, बीस्ट म्हटलं की शाप आणि प्रेमानं उःशाप. नायिकेला मात्र आपण कुठल्या गोष्टीत आहोत हे माहीत नसतं, त्यामुळे वाचक कायम तिच्या दहा पावलं पुढे. सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'मध्ये, ज्याला फॅन लोक 'अकोटार' म्हणतात, फेयरला एक कोडं घातलं जातं, ते सोडवलं की सगळे सुटणार. कोड्याचं उत्तर प्रेम. ते तुला मला पहिल्या वाचनात कळतं, कारण आपण ब्यूटी अँड द बीस्ट ऐकत मोठे झालोय, पण फेयर तीन जीवघेण्या परीक्षा देऊन हाडं मोडून घेते तेव्हा कुठे अगदी शेवटच्या क्षणी तिला ते सुचतं. तिथे लोक तिला मठ्ठ म्हणतात. ती मठ्ठ नाहीये, ती शिकार करून घर चालवणारी, अक्षरओळखही नीट न झालेली पोर आहे, पण लेखिकेनं तिच्यासमोर असं कोडं ठेवलं की जे आपल्यासाठी कोडंच नव्हतं. तर वाचकाला ही जी पुढची वाट दिसत असते ती झाकायची कशी? एक तर शेवट बदलायचा, नाहीतर नायिकेला थांबवून ठेवायचं. दुसरा मुलगा हा थांबवून ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय आहे. ती आता कुणाची निवड करणार, एवढा एकच प्रश्न मूळ कथेत नसतो, म्हणून तो घालतात.

आणि जिथे त्रिकोण कथेतच आहे तिथे काय करता येतं हे बघायचं असेल तर ट्रेसी डिऑन यांचं २०२० चं 'लेजंडबॉर्न' बहिणीच्या कपाटातून ढाप. आर्थरचीच कथा, पण आजच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या कॉलेजात, आणि नायिका ब्री ही कृष्णवर्णीय मुलगी, नुकतीच आई गेलेली. मुलगे दोन आहेतच, निक आणि सेल, पण ब्री तिथे आलीय ती आईच्या मरणामागचं खरं शोधायला आणि पुस्तक ते एकदाही विसरत नाही. मघाशी नाशिकच्या वाचकाला सांगितलं ते करून बघ, दोन्ही मुलगे काढ, ब्रीकडे दिवसभराचं काम उरतं. शेवटाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

प्रश्न : मी कायम हरणाऱ्या मुलाच्या प्रेमात पडते, म्हणजे कोरियन ड्रामात ज्याला सेकंड लीड सिंड्रोम म्हणतात तेच पुस्तकात पण. असं का होतं? - कोल्हापूर

उत्तर : कारण तो खरं बोलतो. परीकथेतल्या मुख्य हीरोकडे शाप असतो, गुपित असतं, त्याला नायिकेला काही सांगताच येत नाही, सांगितलं तर गोष्ट तिसऱ्या प्रकरणात संपेल. त्यामुळे तो नुसता बघतो, वळून जातो, अर्धवट वाक्यं बोलतो. आणि दुसऱ्याकडे काहीच लपवायला नसल्यामुळे तो तिच्याशी गप्पा मारतो, तिला हसवतो, जेवलीस का विचारतो. तुला जे आवडतं ते चांगलंच आहे, बदलू नकोस. फक्त पुढच्या वेळी एक बघ, लेखकानं त्याला हरवायला अचानक वाईट बनवलाय का. दीड पुस्तक चांगला असलेला मुलगा शेवटच्या पन्नास पानांत दुष्ट निघाला तर समजायचं की नायिकेची निवड लेखकानं स्वतःच उरकून टाकली.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. 'अकोटार' तुम्हाला माहीत असेल-नसेल, पण तिच्या वर्गातल्या मुली ते पाचही भाग वाचतायत आणि तिला पण हवे आहेत. ती म्हणते आई ही परीकथा आहे, यंग अडल्ट आहे. मी पहिला भाग थोडा चाळला, मला तर ती नायिका आवडलीच नाही, सारखी त्या पुरुषांच्या मागे. वाचू द्यावं का? मला नाही म्हणायला आवडत नाही, आमच्या घरात पुस्तकाला नाही म्हटलेलं नाही कधी. - एक आई, ठाणे

उत्तर : आधी तुमच्या मुलीचा मुद्दा. ती खोटं बोलत नाहीये. २०१५ साली ही मालिका यंग अडल्ट म्हणूनच बाजारात आली होती, आणि नंतर २०२० मध्ये नवीन कव्हरं घालून ती मोठ्यांची म्हणून परत काढली. त्यामुळे अजूनही कितीतरी ठिकाणी ती शाळकरी मुलांच्या पुस्तकांशेजारी दिसते आणि मुलींना वाटतं ही आपलीच. पण दुसऱ्या भागापासून त्यात शरीरसंबंधांची अगदी सविस्तर वर्णनं आहेत, हिंसाही बरीच आहे. १३ व्या वर्षी मी माझ्या घरातल्या मुलीला दिली नसती. चोरून वाचू नये म्हणून हे कारण मी तिला स्पष्ट सांगितलं असतं, की हे पुस्तक वाईट नाही, ते मोठ्यांसाठी आहे, अजून काही वर्षांनी आपण दोघी मिळून वाचू. तुमच्या घरात पुस्तकाला नाही म्हणत नाहीत हे फार मोलाचं आहे, त्यामुळे हे नाही म्हणून न सांगता थांब म्हणून सांगा.

नायिकेबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण ती तुम्हाला आवडली नाही तो पहिला भाग आहे. दुसऱ्या भागात लेखिकेनं एक धाडस केलंय. पहिल्या भागातला जो बीस्ट, टॅमलिन, ज्याच्यासाठी ही मरायला तयार होती, त्याच्याशी लग्न ठरल्यावर तिला श्वास घेता येत नाही. तो तिला काळजीपोटी घराबाहेर पडू देत नाही, एक दिवस चक्क कोंडून ठेवतो. म्हणजे परीकथा जिथे संपते, सुखानं नांदू लागले, तिथून ती पुढे जाऊन विचारते की त्या महालात नंतर काय झालं. हा प्रश्न मला फार मोठा वाटतो, कितीतरी बायकांनी तो मनात विचारलेला असतो. पण तिथेही दुसरा मुलगा, ऱ्हायसँड, येतोच आणि टॅमलिन इतका उतरवला जातो की फेयरला खरं तर काही ठरवायला उरतच नाही, जो कोंडतो तो वाईट, जो दार उघडतो तो चांगला. मला वाटतं की टॅमलिन थोडा चांगला राहिला असता आणि तरीही ती निघाली असती, तर ते पुस्तक कुठच्या कुठे गेलं असतं. हे तुम्ही मुलीशी बोलू शकता, पुस्तक हातात न देताही. चांगला माणूस असला तरी त्याच्याबरोबर आपला श्वास कोंडत असेल तर निघता येतं का, १३ व्या वर्षी हे बोलायला काहीच हरकत नाही.

आणि आत्ता काय द्यायचं? गेल कार्सन लेव्हिन यांचं 'एला एन्चँटेड', १९९७ चं आहे, पातळ आहे, दोन दिवसांत होईल. सिंड्रेलाची गोष्ट वाचताना आपल्याला पडणारा सगळ्यात पहिला प्रश्न, की ही सावत्र आईचं सगळं का ऐकते, तोच त्यांनी धरलाय. एलाला जन्मताच एका परीनं आज्ञाधारकपणाची भेट दिलेली असते, म्हणजे कुणीही काहीही सांगितलं की तिला ते करावंच लागतं, नाही म्हणताच येत नाही. आपल्याकडे मुलीचं कौतुक करताना जो शब्द पहिला वापरतात तोच शाप म्हणून आलाय, तुमच्या लक्षात येईल. आणि तो शाप तुटतो कसा, तर जो राजपुत्र तिला खरंच आवडतो तो लग्नाचं विचारतो आणि ती नाही म्हणते, कारण तिच्या शापाचा वापर करून कुणीही तिच्याच हातून त्याला मारवू शकेल. एकच मुलगा आहे, दुसरा कुणी नाही, आणि मी ते पान श्वास रोखून वाचलं होतं. ते झालं की मरिसा मायर यांचं 'सिंडर' द्या, २०१२ चं. त्यात सिंड्रेला भविष्यातल्या बीजिंगमधली मेकॅनिक आहे, अर्धी यंत्राची, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर बुटाऐवजी तिचा पायच निखळून पडतो. रहस्य आधीच ओळखू येतं हे खरंय, मलाही आलं, पण तिच्या हाताला सतत ग्रीस लागलेलं असतं, तिला काम आहे, त्यामुळे तिचा कंटाळा येत नाही. पुढच्या तीन भागांत लाल टोपीवाली, रपुन्झेल आणि स्नो व्हाइट येतात, प्रत्येकीचा जोडीदार वेगळा, त्रिकोणाची भानगडच नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी न्यू जर्सीत राहते, नोकरी सांभाळून इंग्लिशमध्ये नल-दमयंतीवर यंग अडल्ट कादंबरी लिहितेय. माझ्या रायटिंग ग्रुपमधल्या सगळ्यांचं म्हणणं आहे की त्रिकोण हवा, इंद्राला देखणा आणि थोडा दुःखी कर, दमयंतीला त्याच्याबद्दल पण काहीतरी वाटू दे, स्वयंवराला दोनशे पानं लागू देत. त्यांना दमयंती फार परफेक्ट आणि म्हणून बोअर वाटते. मला आतून पटत नाहीये पण त्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही. - एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण दमयंती म्हणजे विदर्भाची, आपल्याकडची मुलगी. माझ्या आजीला रघुनाथ पंडितांच्या आख्यानातले हंसाचे श्लोक तोंडपाठ होते, भाजी निवडता निवडता म्हणायची. त्यामुळे मी थोडी हक्कानं बोलते, चालवून घ्या.

तुमच्या ग्रुपचा दमयंतीशी परिचय बहुतेक फक्त स्वयंवरापर्यंत झालेला आहे. आणि स्वयंवर तरी साधं कुठे आहे? इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव तिच्यासाठी निघालेत, वाटेत नल भेटतो आणि ते नलालाच दूत करून तिच्याकडे पाठवतात की आमच्यापैकी एकाला निवड असं तिला सांग. तो बिचारा शब्दाला बांधलेला, जिच्यावर प्रेम आहे तिच्यासमोर उभा राहून चार दुसऱ्यांची वकिली करतो. हा प्रसंग महाभारतात आहे, तुम्हाला काही नवीन घालावं लागणार नाही, नुसता सावकाश लिहा. आणि तिथे तोड कोण काढतं तर दमयंती. ती म्हणते, तू देवांबरोबरच स्वयंवराला ये, मी सगळ्यांच्या देखत तुला निवडीन, म्हणजे तुझ्यावर ठपका येणार नाही. मग भर मंडपात एकसारखे पाच नल. ती देवांनाच शरण जाते, मी मनानं नलाला वरलंय, तुमची खूण दाखवा. तेव्हा दिसतं की चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, हारातली फुलं ताजीतवानी, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडलेली नाही. आणि एकाच्या गळ्यातला हार कोमेजलाय, अंगावर धूळ आहे, घाम आहे. ती धुळीत उभ्या असलेल्याला माळ घालते. आता सांगा, इंद्राला दुःखी डोळे देऊन यात काय वाढणार आहे? तिच्या मनात डळमळ आली तर ही पाचातून एक ओळखायची सगळी धडपड सैल पडेल. डळमळ हवी असेल तर ती नलाला द्या, त्याला ती शोभते, पुढे जुगारात राज्य घालवून झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र फाडून रानात निघून जाणारा तोच आहे.

आणि ग्रुपला त्रिकोण हवाच असेल तर त्यांना सांगा की आहे, पण शेवटाकडे, आणि तो दमयंतीनं स्वतः रचलेला आहे. नवरा हरवलाय, रूप बदललंय, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा सारथी बनून राहिलाय. हिला निरोपांवरून संशय येतो. ती काय करते? आईला विश्वासात घेते, बापाला कळू न देता सुदेव नावाच्या ब्राह्मणाला अयोध्येला पाठवते आणि सांगायला लावते की दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे, उद्या सूर्योदयाला. उद्या! एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणू शकेल असा माणूस जगात एकच आहे, तिला माहितीय. म्हणजे ती एक खोटा प्रतिस्पर्धी उभा करते, स्वतःच्या नवऱ्याचा मत्सर आणि त्याचं कसब दोन्ही कामाला लावते आणि त्याला घरी ओढून आणते. रथ आल्यावर तिथे मंडप नाही, राजे नाहीत, काहीच नाही, ऋतुपर्ण गोंधळलेला. आणि ही तरीही लगेच धावत जात नाही. दासीला, केशिनीला, पाठवते बघून ये म्हणून, त्याच्या हातचं शिजवलेलं मागवून चव घेऊन बघते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते आणि तो त्यांना कवटाळून रडतो का ते केशिनीकडून ऐकते. मगच समोर बोलावते आणि मग विचारते, रानात झोपलेल्या बायकोला टाकून जाणारा माणूस तुला माहीत आहे का.

ती परफेक्ट नाहीये हो, ती रागावलेली आहे आणि तिनं तो राग तीन वर्षं जपून ठेवलाय. तुमच्या कादंबरीची दोनशे पानं स्वयंवरावर घालवू नका, अयोध्येचा निरोप गेला त्या रात्रीपासून रथाचा आवाज ऐकू येईपर्यंतच्या त्या एका दिवसावर घाला. तिला माहीत नाहीये तो येईल की नाही. आला नाही तर सगळ्या जगात बातमी गेलेली असेल की दमयंती दुसरं लग्न करतेय, आणि ती गच्चीवर उभी राहून फक्त घोड्यांच्या टापा ओळखायचा प्रयत्न करतेय. तेवढं प्रकरण लिहून झालं की मला पाठवा, मी वाट बघते.